कर्लीच्या खाडीत दिवसभर गरवण: गाईडसोबतच्या एका हंगामानंतर

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत गाईड घेऊन पूर्ण दिवस मासे गरवायला, म्हणजे गळ टाकून पकडायला, मी गेल्या ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत जात आलो. गाईड तोच, होडी तीच, सोबत बहुतेक वेळा माझा मेहुणा. सुरुवातीलाच काही लिहिलं नाही, कारण एका दिवसावरून खाडीबद्दल मत बनवता येत नाही. आता थंड पाणी, तापलेलं पाणी, गढूळ, नितळ असं सगळं बघून झालं, म्हणून सविस्तर लिहितोय. घाईत असणाऱ्यांना आधीच सांगतो: पैसे वसूल होतात, पण तारीख तिथी बघून ठरवली तरच. शनिवार-रविवार बघून ठरवली तर नशिबावर हवाला.

तिथीचं गणित समजून घ्या, कारण या ट्रिपचा सगळा जीव त्यात आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. दशमी असेल तर साडेसात. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बरोबर बसतो; मालवणला भरती साधारण तासभर आधी येते, म्हणजे दशमीला साडेसहाच्या सुमारास. पहाटे पाणी चढलेलं, तिथून साडेबारापर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत भरती. माशाला हवी असते ती सुकती. पाणी उतरायला लागलं की कांदळवनाच्या मुळांत शिरलेली कोळंबी आणि बारके शेवटे मासे नाइलाजाने बाहेर पडतात, आणि ओहोळ जिथे खाडीला मिळतो तिथे जिताडा हा मोठा शिकारी मासा तोंड लावून बसलेला असतो. दशमी-एकादशीला हा सगळा खेळ उन्हं चढायच्या आत होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती ऐन दुपारच्या उन्हात येते, शिवाय पाणी इतकं जोरात ओढतं की आमिष तळाशी ठरत नाही आणि चिखल वर येतो. अष्टमीच्या भांगेला उलट, पाणी जेमतेम हलतं. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक मुळात मुंबईच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे भांगेच्या दिवशी खाडी तळ्यासारखी पडून राहते.

माझ्या गाईडची पहिली खूण हीच, की फोनवर त्याने सुट्टी कधी आहे हे विचारलंच नाही. ‘दशमी, एकादशी, द्वादशी यातली कुठली जमता?’ एवढंच विचारलं. आमच्या घरी एकादशी पाळतात, तेव्हा त्या दिवशीचा प्रत्येक मासा परत पाण्यात जातो. त्यालाही ते ठीक वाटतं.

दिवस कसा जातो ते सांगतो. अंधारातच होडीत बसायचं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी सपाट असतं, आणि त्या वेळी संगमावर जाता येतं. तिथे समुद्राचं नितळ पाणी आणि खाडीचं मातकट पाणी यांची रेघ डोळ्यांना दिसते. त्या रेघेवर पॉपर, म्हणजे पाण्यावर खळबळ करणारं नकली आमिष, ओढला की कोकर मासे धडका देतात. तासाभरात पर्यटकांच्या होड्या त्सुनामी आयलंडकडे निघायला लागतात, पाठोपाठ जेट-स्की आणि बनाना राईड. गाईड त्याच्या आत होडी वळवून नेरूरपारच्या बाजूला वर आत नेतो. इथून पुढचे चार-पाच तास खरी गरवण: इंजिन बंद, बांबू टेकत टेकत कांदळवनाच्या कडेने सरकायचं आणि एकेका खुटाखाली, एकेका ओहोळाच्या तोंडाशी जिगहेडवरचा, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या हुकावरचा, रबरी झिंगा टाकायचा.

अर्धा दिवस की पूर्ण दिवस, हा प्रश्न मला सगळे विचारतात. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांचं अंतर असतं. अर्ध्या दिवसाच्या ट्रिपमध्ये पाणी फिरण्याची वेळ हुकण्याची शक्यता मोठी, आणि खाडीत मासा लागतो तो मुख्यतः पाणी फिरल्यावरच्या पहिल्या दीड-दोन तासांत. पूर्ण दिवसात पाणी दोनदा फिरतं. म्हणून मी अर्धा दिवस कोणालाच सुचवत नाही, नवख्यालाही नाही.

आता जिताड्याबद्दल. गोव्याकडे याला चोणक म्हणतात. रायगडात याच्यासाठी काय किंमत मोजतात ते सर्वांना माहीत आहे. ताटात खाल्लेला मासा दोरीवर कसा असतो हे मात्र वेगळंच प्रकरण. एप्रिलमधली गोष्ट. एका ओहोळाच्या तोंडाशी कांदळाची मुळं पाण्यात उतरलेली, पाणी नुकतंच फिरलेलं. मी घाईने टाकायला निघालो तर होडीवाल्या काकांनी हात वर केला. ‘पाणी फिरूंदे, मगे बघूया.’ दहा मिनिटं आम्ही तसेच बसून. मग मुळांजवळ एक बारका शेवटा उडाला, दुसरा उडाला, आणि काका म्हणाले, ‘आता. थयसर, खुटाच्या मुळाक.’ झिंगा पडला, तळाला टेकला, मी टोक एकदा उचललं आणि दोरी जड झाली. झटका नाही, नुसतं जडपण. पुढच्या क्षणी मासा पाण्याबाहेर, तोंड उघडं, मान दोन्हीकडे झटकतोय, कल्ल्यांचा खडखड आवाज होडीपर्यंत आला. तो मुळांत शिरला असता तर संपलं असतं, कारण मुळांवर कालवं असतात आणि कालवावर घासलेली दोरी एका क्षणात तुटते. गाईडने सकाळीच रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक, घट्ट करून दिला होता, त्याने वाचवलं. काकांनी बांबूने होडी मागे खेचत मधल्या पाण्यात नेली. पंधरा मिनिटांनी मासा बाजूला आला. गाईडने लिप-ग्रिपने जबडा धरला आणि माझा हात कल्ल्याजवळ जाताना बघून ओरडला. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, बोटं सोलून काढते. सात किलोच्या आसपासचा होता. कमी उजेडात त्याचे डोळे तांबूस चमकतात ते मी प्रथमच इतक्या जवळून बघितलं. दोन्ही हातांनी आडवा धरून फोटो, मग पाण्यात धरून तो स्वतः शेपूट मारेपर्यंत थांबलो.

तो मासा सोडला यावर घरी बरीच चर्चा झाली, म्हणून कारण लिहितो. जिताडा आधी नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे बहुतांशी माद्या, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतात त्या याच. एप्रिल-मेमध्ये मोठी मादी मारणं म्हणजे पुढची पिढीच उचलणं. माझ्या गाईडचा नियम साधा आहे: मधल्या आकाराचा एखादा मासा जेवणापुरता ठेवा, फार लहान आणि फार मोठा दोन्ही सोडा. हे मला मनापासून पटतं. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं आहे, सुरमईसाठी ते 370 मिलिमीटर आहे. गाईडच्या होडीच्या फळीवर मोजपट्टी रंगवलेली आहे आणि तो ती वापरतो. होडीत चढताना ही पट्टी दिसते का ते बघा.

जिताड्याशिवाय काय मिळतं? तांबोशी भरपूर, आणि खरं सांगायचं तर दोरीवर मला तीच जास्त आवडते. आकाराने लहान, पण लागल्यावर पहिल्या सेकंदात मुळाकडे धाव. मार्चनंतर पाणी तापलं की खडपांजवळ आणि जुन्या बांधांजवळ ती हमखास असते. रावस संगमावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. गोबरा अधूनमधून. जानेवारीत पाणी गार पडतं आणि खाडी सुस्तावते; त्या महिन्यात दिवसभरात एखादी थाप लागली तरी पुष्कळ. पर्यटनाचा मोसम म्हणून डिसेंबर अखेर ते जानेवारीत येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शिंगाळा लागला तर हात लावू नका, गाईडला काढू द्या. त्याचे काटे विषारी असतात आणि ठणका तासन् तास राहतो. उथळ पाण्यात उतरायचं झालं तर पाय घासत चाला, तळाशी पाकट (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) असतात.

साहित्याचा अनुभव. गाईड रॉड-रीळ देतो: सात फुटी रॉड, 4000 साईजचं रीळ, 20 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 40 पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (हुकाजवळचा जाड दोरीचा तुकडा). ऑक्टोबरात हे सगळं झकास होतं. फेब्रुवारीपर्यंत एका रिळाचा ड्रॅग अडकायला लागला: गुळगुळीत सुटण्याऐवजी थांबून थांबून, झटक्याने. मोठ्या माशाला असा ड्रॅग म्हणजे तुटलेली दोरी. मी सांगितल्यावर त्याने पुढच्या वेळी वॉशर बदलून आणले, पण हे गिऱ्हाइकाने सांगावं लागू नये. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊनही खारं पाणी आत जातंच, आणि हंगामाच्या मध्यात एकदा रिळं उघडून ग्रीस लावली पाहिजेत. तुम्ही जानेवारीनंतर जात असाल तर होडीत बसल्या बसल्या ड्रॅग हाताने ओढून बघा. मी नंतर स्वतःचं रीळ न्यायला लागलो. आमिषांवरचे तिहेरी हूक काढून त्याने एकेरी लावलेत आणि उलटा काटा पक्कडीने दाबलेला असतो. यामुळे मासे थोडे जास्त सुटतात, पण सोडायचा मासा धड सुटतो, आणि चुकून बोटात गेलेला हूकही सरळ निघतो. मेहुण्याने ते अनुभवलंय.

खटकलेल्या गोष्टी. एक म्हणजे ऊन. एप्रिलपासून अकरा ते तीन या वेळात खाडीत वारा पडतो आणि पाण्यावरून येणारी झळ सहन होत नाही. होडीला छप्पर नाही, कारण छप्पर असेल तर रॉड फेकता येत नाही. हे कळतं, पण जेवणाच्या वेळी ताडपत्री तरी बांधता येईल. माणशी चार लिटर पाणी न्या. होडीवर शौचालय नाही, दुपारी देवबागच्या ज्या घरी जेवायला थांबतो तिथेच सोय. बायका-मुलांसह जाणाऱ्यांनी मधला एक थांबा आधीच ठरवून घ्यावा. जेवण मात्र उत्तम: बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आणि सुकती पूर्ण झाली की एक-दोन ठिकाणी होडी वाळूला टेकते, तेव्हा संध्याकाळी पाचला परत म्हणजे कधी कधी साडेसहा होतात. परतीची गाडी त्या हिशेबाने धरा.

याआधी मी याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका माणसाकडून ट्रिप घेतली होती. लाइफ जॅकेट फळीखाली, बक्कल तुटलेली. ‘मासा शंभर टक्के’ असं आगाऊ पैसे घेताना सांगितलं, आणि दुपारी मासा नाही म्हणून होडी सरळ एका रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरावरून नेली. किनाऱ्यावरचे लोक धावत आले ते साहजिकच होतं. रापण ही तिथल्या कितीतरी घरांची मिळून एक कमाई असते. आपल्या छंदासाठी तिला धक्का लागता कामा नये. माझा आत्ताचा गाईड स्वतः रापणकर घरातला आहे. कुठे जाळं आहे, कुठल्या बाजूने वळसा घालायचा हे त्याला विचारावं लागत नाही, आणि काठावरचे लोक त्याला हाक मारून मासा कुठे उडतोय ते सांगतात. परगावच्या कंपनीपेक्षा अशा माणसाकडे पैसे गेलेले मला शंभरदा बरे वाटतात. जिवंत सोडलेल्या माशावरही गावातल्या घराची चूल पेटू शकते, हे त्याच्याकडे बघून पटलं.

किल्ल्याजवळ गरवायला नेतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. खाडीत एवढं असताना तिथे जायची गरजही नाही.

खर्च: होडी, गाईड, साहित्य आणि जेवण धरून पूर्ण दिवसाचे दोघांत 12 हजारांच्या आसपास. तिसरा माणूस घेतो म्हणतात, पण तिघं एकदम रॉड फेकायला लागले की हुकाचा धोका वाढतो, दोघंच जा. मासा न लागल्यास पैसे परत नाहीत, आणि तसं तो आधी स्पष्ट सांगतो. आमचे काही दिवस पूर्ण कोरडे गेले. वाऱ्यामुळे रद्द करावं लागलं तेव्हा त्याने आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरली, कुरकुर न करता.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, त्या काळात गाईडही होडी काठावर ओढून ठेवतो. माझी पुढची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या दशमीची धरली आहे. तुम्ही फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: तिथी कुठली धरायची, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं आहे का, आणि मोठा मासा सोडता का. पहिल्या प्रश्नाला ‘कधीही या’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.