कामं मस्त, मार्कांचा तक्ता मात्र बाजूला ठेवा

नववीच्या नव्या वर्गात कुणाला किती येतं ते बघायला हे रेडीमेड ड्रॉइंग टेस्ट किट घेतलं होतं, दोन बॅचवर वापरून झालं म्हणून लिहितोय. पाच शीट आहेत, प्रिंट काढायची आणि वाटायची. स्वतःचा हात बघून काढा, समोरचा कप काढा, आठवून चेहरा, शेडिंगची पाच चौकटींची पट्टी (फिक्यापासून काळ्यापर्यंत) आणि जोरात धावणारा माणूस. हा शेवटचा कलाशिक्षणाचे अभ्यासक गिल्बर्ट क्लार्क यांच्या चित्रकलेच्या टेस्टमधून उचललेला दिसतोय (त्यात घर, धावणारा माणूस, मैदानात खेळणारी मुलं आणि मनातलं काहीही अशी चार कामं असतात), पण उचलला तर उचलला, काम झकास आहे. गुडघा कुठे वाकवलाय एवढं बघितलं तरी पोराबद्दल बरंच कळतं.

सगळ्यात भारी कपचं शीट. अर्ध्याहून जास्त पोरं वरचं तोंड लंबगोल काढतात आणि तळाला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ! कप टेबलावर सपाट बसतो हे त्यांना माहीत असतं ना, मग डोळ्याला तळाची कड वाकडी दिसत असली तरी हात माहिती असलेलंच काढतो. आता गंमत अशी की किटच्या तक्त्यात याला 4 पैकी 2, आणि शेजारच्या पोराने तळ बरोबर वळवला पण रेघ थरथरली तर त्यालाही 2. अहो एकाला बघायला शिकवायचंय, दुसऱ्याला फक्त हात मोकळा करून द्यायचाय, दोघांना एकच आकडा देऊन मी काय करू? मी आता आकडा टाकतच नाही, शीटच्या मागे एक ओळ लिहितो, "तळ सपाट", "हात घाबरलाय", बस.

शेडिंगच्या पट्टीत तर पहिल्या वर्षी मीच फसलो. पेन्सिल कुठली द्यायची हे किटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, पोरांकडे एचबी, त्यात ग्राफाइटसोबत मातीचं प्रमाण बी पेन्सिलींपेक्षा जास्त, कितीही दाबा, चकचकीत राखाडीच्या पुढे जातच नाही. एका मुलीने दाबून दाबून कागद फाडला तरी शेवटची चौकट काळी होईना आणि मी तिच्यापुढे "टोन कच्चा" लिहून मोकळा. आठवड्याने सहज 6बी (मऊ, गडद उमटणारी पेन्सिल) दिली तर पाचही चौकटी अशा सुंदर उतरल्या की मलाच लाज वाटली. तेव्हा 2बी आणि 6बी वाटल्याशिवाय हे शीट देऊच नका.

चेहऱ्याचं शीट ठीक, बहुतेकांचे डोळे कपाळावर जातात (खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात), ते कुठल्याही वर्गात होणारच, त्यातून नवीन फार काही कळत नाही.

अजून एक, पाचही शीट एका तासात उरकतात असं आत लिहिलंय. विसरा. 'टेस्ट' शब्द वाचला की पोरं निम्मा वेळ खोडण्यात घालवतात. मी वरचं शीर्षक कापून झेरॉक्स काढतो, दोन तासांत विभागतो आणि हाताच्या शीटला रबर देतच नाही. चुकलेली रेघ तशीच राहते, तिच्याशेजारी दुसरी येते, मला त्या दोन्ही बघायच्या असतात.

5 पैकी साडेतीन स्टार, तेही कप आणि धावणाऱ्या माणसाचे. वर्षाच्या शेवटी हीच कामं परत देण्यासाठी जागा ठेवलेली नाही, मी पहिली शीट पाकिटात घालून कपाटात टाकतो आणि परीक्षा संपल्यावर तोच कप परत टेबलावर ठेवतो.