शाळेसाठी प्रोजेक्टर घेताय? कोटेशनवरचा ‘लुमेन’ आधी तपासा

शाळेसाठी प्रोजेक्टर घेणार असाल आणि कोटेशनवर नुसतं ‘9000 लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेलं असेल, तर सही करू नका. आमच्या शाळेला याच आकड्याने चुना लावला.

2015 साली राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, गावोगाव लोकवर्गणी निघाली आणि शाळा डिजिटल झाल्या. आमचे प्रोजेक्टर त्याच सुमाराचे. चित्र पिवळट पडलं होतं, नववीच्या वर्गातला तर तापून मधेच बंद व्हायचा. माजी विद्यार्थ्यांनी नवीन घ्यायला पैसे जमवले आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा एक विक्रेता वास लागल्यासारखा हजर झाला. माणूस गोड. शिपायांना ‘मामा’ म्हणणार, चहा नको म्हणणार, आणि वर “मार्च एंडच्या आत बिल पाहिजे ना सर, मी करतो सगळं.”

सगळं म्हणजे अगदी सगळं. तीन कोटेशनं लागतात, तीही त्यानेच कार्यालयात आणून दिली. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे. पुढे तक्रारीसाठी फाईल काढली तेव्हा दिसलं, तिन्ही कागदांवर त्याच ओळीत ‘प्रोजेटकर’ छापलंय.

डेमो संगणक कक्षात झाला. पडदे ओढलेले, दार लावलेलं, समोर समुद्रातल्या रंगीबेरंगी माशांचा व्हिडिओ. अंधारात असले मासे कुठल्याही यंत्रावर झकास दिसतात. बोलता बोलता त्याने दोन वाक्यं पेरली: “फुल एचडी सपोर्ट आहे” आणि “फक्त 65 वॅट, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालेल.”

माल आला, पैसे गेले. सातवीच्या वर्गाला दोन्ही बाजूंनी खिडक्या. भर दुपारी पेशीची आकृती लावली, तर केंद्रक कुठलं आणि तंतुकणिका कुठली, हे पहिल्या बाकावरच्या मुलीलाही सांगता येईना. नावं तर वाचताच येत नव्हती, अक्षरांच्या कडा फुटलेल्या.

यातली मेख अशी. एएनएसआय (अमेरिकेची मानक संस्था) लुमेन मोजायची ठरलेली रीत आहे: पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ सारखे भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे पडणारा उजेड, मोजायचे आणि सरासरीला चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचं. नुसता ‘लुमेन’ किंवा ‘एलईडी लुमेन’ लिहिला की विक्रेता म्हणेल तो आकडा. खिडक्या असलेल्या वर्गात साधारण 3000 एएनएसआय लुमेन तरी हवेत. आम्ही मोबाईलच्या लक्स मीटरने मोजलं. ते काटेकोर नसतं, पण फरक एवढा मोठा असला की तेवढं पुरतं. आकडा दोनशेच्या आत आला.

खरं तर मोजायचीही गरज नव्हती, त्याच्या त्या 65 वॅटमध्येच उत्तर होतं. चांगला एलईडी वॅटमागे शे-दीडशे लुमेन देतो. म्हणजे सगळीच्या सगळी वीज दिव्याला दिली तरी कसाबसा 9000 चा आकडा गाठणार, आणि त्यातला बहुतेक उजेड आतली एलसीडी काचच गिळते. भिंतीवर 9000 पडणं शक्यच नाही. यंत्राच्या मागच्या पट्टीवर वॅट छापलेले असतात, ते आधी बघा.

‘फुल एचडी सपोर्ट’ हीसुद्धा अशीच पळवाट. यंत्र 1920 गुणिले 1080 चा सिग्नल घेतं हे खरं, पण दाखवतं स्वतःच्या 800 गुणिले 480 ठिपक्यांत. विचारायचं ते ‘मूळ रिझोल्यूशन’. आणि खोका आयात मालाचा असून त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता. 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार तो छापावाच लागतो. वॉरंटी कार्डावर फक्त दुकानाचा रबरी शिक्का.

जुने प्रोजेक्टर त्याने ‘एक्स्चेंज’ म्हणून भंगाराच्या भावात उचलले, त्याचं दुःख जास्त आहे. एक मात्र वाचला, कारण डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) निर्लेखनाची, म्हणजे वस्तू बाद केल्याची, नोंद झाल्याशिवाय तो सोडणार नाही म्हणून आमचे क्लार्क अडून बसले. (त्यांच्या या स्वभावावर एरवी आम्ही सगळेच वैतागतो.) त्याची बाजूची जाळी काढली तर आत खडूच्या धुळीचा पापुद्राच. हवा खेळत नव्हती म्हणून तो तापत होता. फिल्टर झटकला, नवा लॅम्प घातला; आज दहावीला त्यावरच भूमिती चालते, खिडक्या उघड्या ठेवून.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणाला, “सर, कोटेशनमध्ये जे लिहिलं तेच दिलंय. एएनएसआय कुठे लिहिलं होतं?” म्हणून आता खरेदी आदेशावर आम्हीच लिहितो: एएनएसआय लुमेन, मूळ रिझोल्यूशन, मॉडेल नंबर, वॉरंटी कंपनीची. कोटेशनं शाळा स्वतः मागवते. डेमो आमच्याच वर्गात, दुपारी, पडदे न लावता, आणि व्हिडिओऐवजी बारीक अक्षरांचं पाठ्यपुस्तकाचं पान लावून. सीरियल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून खात्री होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवतो.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, वकिलांची नोटीसही गेली आहे. नोटीस मिळाल्यावर तो काही यंत्रं परत घेऊन गेला, पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतोय. दरम्यान शेजारच्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी त्यांना आलेली कोटेशनं पाठवली. तिन्हींवर ‘प्रोजेटकर’, आणि लुमेन आता 12000.