कॅप पोर्टल: शाखा ठरली नसेल तर जरा जपून

इंजिनिअरिंग प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, शाखा पक्की असलेल्याला पाचपैकी चार गुणांची, 'कॉम्प्युटर की मेकॅनिकल, कळत नाही' म्हणणाऱ्याला जेमतेम अडीच. कारण पोर्टलवर नुसतं कॉलेज निवडता येत नाही. चॉइस कोड कॉलेज आणि शाखेचा जोडीनेच येतो.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्याय भरता येतात, पण खरा पेच ऑटो फ्रीझचा. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला, की जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्या बंद. 'असू दे एक सेफ' म्हणून वर टाकलेली शाखा अशीच गळ्यात पडते. ऑटो फ्रीझ झालं नसेल तर मिळालेली जागा हातात ठेवून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी, जाता येतं. मात्र वरचा पर्याय लागला की आधीची जागा गेलीच.

कटऑफच्या पीडीएफमध्ये कंसाबाहेर मेरिट नंबर, कंसात पर्सेंटाइल. रकान्याच्या नावाचं शेवटचं अक्षर बघा: 'एच' होम युनिव्हर्सिटीचं (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी), 'ओ' बाहेरच्यांचं, 'एस' राज्यस्तराचं. नागपूरच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा 'एच' रकाना बघून हिशोब मांडला तर तो चुकणारच.

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेतल्या जागेचा, कोड 'टी'ने संपतो. ट्यूशन फी माफ, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. पण या जागेवरून पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, आणि द्विधा मनःस्थितीतल्या मुलाला हे कुणी आधी सांगत नाही. फी वाचते म्हणून नको ती शाखा वर टाकू नका.

कॉलेज निवडताना शाखांचा पसारा बघा. पुण्याच्या सीओईपीत सिव्हिलपासून मेटलर्जीपर्यंत सगळं आहे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइलसुद्धा. पुण्याचंच पीआयसीटी उत्तम, पण तिथे सिव्हिल-मेकॅनिकल नाहीच. मन पालटलं तर जाणार कुठे? अर्थात शाखा असली म्हणून बदल मिळतोच असं नाही. तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर ठरतो, आणि कॉम्प्युटरच्या जागा सहसा रिकाम्या होत नाहीत. म्हणून कॉलेजात थेट विचारा: गेल्या वर्षी किती जणांना बदल मिळाला, कितव्या सीजीपीएला? गोलमोल उत्तर आलं तर 'नाही' समजा.

आणि फॉर्म नुसता सेव्ह करून थांबू नका. कन्फर्म केला नाही तर वाटपात तो धरलाच जात नाही.