पुणे महापालिकेची मिळकतकर सेवा: पैसे भरायला पाच मिनिटे, बिल समजायला एक संध्याकाळ

एखाद्या दुकानाचा गल्ला चकचकीत असावा आणि तक्रारीची खिडकी मात्र जिन्याखाली, तशी पुणे महापालिकेच्या करआकारणी व करसंकलन विभागाची सेवा आहे. पैसे भरण्याच्या सोयीला दहापैकी आठ गुण, बिलाच्या स्पष्टतेला चार आणि दुरुस्तीच्या कामाला तीन. पुण्यात घर किंवा दुकान असलेल्यांसाठी हे परीक्षण आहे. पुण्यात या कराला सरकारी भाषेत मिळकतकर म्हणतात, घरात सगळे घरपट्टीच म्हणतात.

आधी चांगले ते. पोर्टलवर बिल पाहायला विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तीन तुकडे टाकावे लागतात. तिन्ही जुन्या बिलावर एकत्र, तिरप्या रेघांनी तोडून छापलेले असतात. घोळ होतो तो पेठेत. इथली ‘पेठ’ म्हणजे शनिवार, कसबा एवढीच नव्हे, आकारणीसाठी केलेला तो शहराचा भाग आहे. पत्त्यावरून अंदाजाने पेठ निवडली तर भलत्याच मिळकतीचे पान उघडू शकते. म्हणून रक्कम बघण्याआधी मालकाचे नाव आणि सदनिका क्रमांक वाचावा. यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग सगळे चालते, पावती लगेच उतरवून घेता येते. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर त्याच दिवशी दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी तेच खाते पुन्हा उघडून थकबाकी शून्य झाली का ते बघा. दोनदा भरलेली रक्कम बुडत नाही, पण परत मिळवण्यापेक्षा पुढच्या बिलात वळती करून घेणेच सोपे जाते.

नागरी सुविधा केंद्रात धनादेशानेही भरता येते. फक्त वेळेत भरण्याच्या सवलतीच्या शेवटच्या आठवड्यात धनादेश देऊ नये. तो वटला नाही, तर सवलत जाते आणि शास्ती, म्हणजे दंडही लागतो.

आता बिल. खरी कसोटी इथे आहे. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे. पुण्यात अजूनही वार्षिक करपात्र रक्कम, म्हणजे जागेला वर्षाला किती भाडे यावे याचा महापालिकेने धरलेला आकडा चालतो. त्या भागाचा दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले बारा महिने, त्यातून देखभाल-दुरुस्तीची वजावट, आणि मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत. एवढी साधी रीत. पण नुसते बिल हातात घेऊन ही रीत दिसत नाही. दिसतो तो शेवटचा आकडा, आणि त्याखाली सर्वसाधारण कर, सफाई पट्टी, अग्निशामक कर, वृक्ष कर, पथ कर, शिक्षण उपकर, जललाभ, मलप्रवाह लाभ यांची रांग. त्यात राज्य शासनाचा शिक्षण कर असतो आणि बिगरनिवासी जागेला रोजगार हमी उपकरही. हे दोन कर महापालिका गोळा करते, पण ते तिचे उत्पन्न नाही. त्यामुळे महापालिकेने करवाढ केली नाही म्हणून बिलातली प्रत्येक ओळ गोठली असे होत नाही.

कागदावर मांडून बघू. 600 चौरस फुटांचे घर, हिशेबापुरता दर महिना 2 रुपये चौरस फूट. वर्षाचे 14,400. त्यातून 10 टक्के वजावट, राहिले 12,960. स्वतः राहत असाल तर त्यावर 40 टक्के सवलत, करपात्र रक्कम 7,776. आता सवलत काढून घेतली तर पुन्हा 12,960. बहुतेकांना वाटते सवलत गेली म्हणजे बिल 40 टक्क्यांनी वाढेल. तसे नाही, ते दोन-तृतीयांशाने वाढते, 6,000 चे 10,000 होते. पाणीपट्टीचा हिशेब वेगळा असल्याने अगदी रुपयापर्यंत जुळणार नाही, पण प्रमाण हेच.

याच हिशेबात दुसरी मेख आहे. पूर्वी पुण्यात देखभालीची वजावट 15 टक्के मिळायची. कायद्यात ती 10 टक्केच आहे, पण 1970 च्या ठरावाने पुणेकरांना जास्त दिली गेली होती. 40 टक्के सवलतही त्याच ठरावातली. लेखापरीक्षणात आक्षेप आले, 2018 मध्ये राज्य शासनाने तो ठराव रद्द केला, बरीच ओरड झाली आणि 2023 मध्ये शासनाने 40 टक्के सवलत परत दिली. वजावट मात्र 1 एप्रिल 2023 पासून 10 टक्क्यांवर आली. मागच्या वर्षांचा पाच टक्क्यांचा फरक वसूल करायचा नाही असेही ठरले, हे बरे झाले. पण वरच्या उदाहरणात 15 टक्के वजावटीने करपात्र रक्कम 7,344 आली असती. 7,344 वरून 7,776, म्हणजे जवळजवळ सहा टक्के वाढ. कराचा दर तसूभरही न हलवता बिल वाढले. ‘करवाढ नाही’ ही बातमी आणि फुगलेले बिल दोन्ही खरे असू शकतात ते असे.

40 टक्के सवलतीसाठीचा पीटी-3 हा अर्ज एका पानाचा आणि सोबतची कागदपत्रे समजण्यासारखी आहेत: आपण तिथे राहतो असे सोसायटीचे पत्र, ओळखपत्र किंवा शिधापत्रिकेसारखा राहण्याचा पुरावा, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. शुल्क 25 रुपये ठेवले होते. 1 एप्रिल 2019 नंतर नव्याने आकारणी झालेल्या आणि सर्वेक्षणात भाडेकरू आढळला म्हणून सवलत गेलेल्या मिळकतींना हा अर्ज लागला. ज्यांची सवलत आधीपासून चालू होती त्यांना नाही. तरी गरज नसलेले लोकही घाबरून रांगेत उभे राहिले, कारण आपल्याला सवलत लागू आहे की नाही हे बिलावरून चटकन कळत नव्हते. ‘40 टक्के सवलत: होय’ एवढी एक ओळ ठळक छापली असती तर निम्मी गर्दी टळली असती.

अर्जाची मुदत 15 नोव्हेंबर 2023 होती, मग ती महिनाअखेरपर्यंत वाढवली. सवलत नसल्याने जास्त भरलेला कर पुढच्या चार वर्षांच्या बिलांत समान हप्त्यांनी वळता करण्याचे ठरले. इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. एक, हा हप्ता बिलात खरोखर वजा होतोय का ते दरवर्षी बघायला हवे. दुसरी, मधेच घर विकले तर उरलेले हप्ते मिळकतीच्या खात्यात राहतात आणि फायदा नव्या मालकाला होतो. विक्रीची बोलणी करताना हा आकडा समोर ठेवावा. मुदतीनंतर अर्ज करणाऱ्याने मागच्या वर्षांचा फरक मिळेल असे धरून चालू नये.

दुकानदार आणि व्यावसायिकांना या सगळ्यातून फारसे काही मिळत नाही. बिगरनिवासी जागेला 40 टक्के सवलत नाही. घरातल्या एका खोलीत दवाखाना किंवा क्लास असेल तर तेवढ्या भागाची आकारणी वेगळी होते आणि उरलेल्या घराची सवलत टिकायला हवी. पण पाहणीत अख्खी सदनिका बिगरनिवासी लागली तर ती सोडवायला नकाशावर त्या खोलीचे क्षेत्रफळ मोजून दाखवावे लागते. आणि हो, मिळकतकराची पावती म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, बांधकाम अधिकृत असल्याचा दाखलाही नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर अनेकदा शास्तीही.

वेळेत भरण्याची सवलत ऐकायला गोड आहे, हाताला थोडी येते. करपात्र रक्कम 25,000 पर्यंत असेल तर 10 टक्के, त्यावर असेल तर 5 टक्के, पण ही टक्केवारी फक्त सर्वसाधारण करावर. 10,000 च्या बिलात सर्वसाधारण कर 4,000 असेल तर सुटतात 400. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर 5 आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के, तेही सर्वसाधारण करातच. मोठ्या सोसायटीत सगळ्यांचे मिळून हे पैसे चांगले जमतात, पण प्रकल्प चालू असायला हवा. गच्चीवर गंजलेली टाकी दाखवून मिळणारी सवलत पहिल्याच तपासणीत जाते.

सवलतीची मुदत साधारण मे-जूनमध्ये संपते. ती कधी कधी वाढतेही, पण वाढेल या भरवशावर बसू नये. थकबाकीला महिना 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. बँकेत ठेव ठेवून घरपट्टी थकवणारा दोन्हीकडून तोट्यात. बुडवणाऱ्यांना अधूनमधून अभय योजना मिळते, 2020-21 मध्ये शास्तीत 80 टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. एप्रिलमध्येच भरणाऱ्याला 400 रुपये आणि वर्षानुवर्षे थकवणाऱ्याला 80 टक्के सूट! वसुलीसाठी हे सोयीचे असेल, प्रामाणिक खातेदाराला ते टोचतेच.

दुरुस्तीची कामे मात्र अजून माणसांवर अवलंबून आहेत. क्षेत्रफळ चुकले, नाव बदलायचे, वापर बदलला, सगळे जाऊन थांबते पेठ निरीक्षकाच्या, म्हणजे त्या पेठेची आकारणी बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या टेबलापाशी. खरेदीनंतर नाव लावायला सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), थकबाकी नसलेले शेवटचे बिल आणि सोसायटीचे पत्र एवढे तयार ठेवा. कायद्याने दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत हस्तांतराची सूचना द्यायची असते आणि ती देण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे. ती दिली नाही तर कराची मागणी जुन्या मालकाच्या गळ्यात राहते. वारसाने नाव लावताना बाकीच्या वारसांची संमती नसेल तर अर्ज तिथेच अडतो.

क्षेत्रफळाचा वाद असेल तर नुसता ‘बिल जास्त आले’ असा अर्ज करू नका. आधी आकारणी उतारा मागवा, त्यावर धरलेले क्षेत्रफळ, दर आणि आकारणीचे वर्ष बघा, आणि खरेदीखतातला आकडा शेजारी लिहा. एक चटई क्षेत्राचा (भिंतींच्या आतल्या जागेचा) आणि दुसरा बांधीव क्षेत्राचा (भिंती धरून) असला की फरक दिसतो, पण तो चूक नसतो. बरेच अर्ज इथेच फसतात. नव्या किंवा वाढीव आकारणीची नोटीस आली तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ती संधी गेली की पुढचा रस्ता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खालच्या अपिलाचा. त्याला 15 दिवसांची मुदत असते आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते.