ईसीएमचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) पैसे घेतले, ईसीएम बदललाच नाही. जुनी ओम्नी असेल तर वाचा

गाडी बाबांची, ओम्नी, 2008 ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. बाबा गेल्यापासून मीच चालवते. आई आणि मी डबे करतो, सिडकोतून अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत रोज पोचवायचे. म्हणजे फेऱ्या छोट्या छोट्याच, आणि गाडी बंद पडली की त्या दिवशीचा धंदा बंद.

दिवाळीनंतर गाडी पेट्रोल प्यायला लागली. आधी 14 चं अ‍ॅव्हरेज होतं ते 9 वर आलं, सकाळी मागून काळा धूर, सिग्नलला थांबलं की डोळे चुरचुरायचे, आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त म्हणून फेल. हे सगळं मी चालवून घेतलं असतं पण एका गिऱ्हाईकाने फोन करून सांगितलं की ताई, डब्याला पेट्रोलचा वास येतोय. त्या दिवशी मला रडूच आलं. आई पहाटे चारला उठते हो.

मग नेहमीच्या गॅरेजला नेली. नाव घेत नाही. त्याने स्कॅनर लावल्यासारखं केलं, पाच मिनिटांत म्हणाला गाडी रिच चालतेय (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), ईसीएम गेलाय, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीएमला सांगणारा) पण गेलाय. मी विचारलं नक्की ना, तर म्हणे "ताई, हे कॉम्प्युटरचं काम आहे, तुम्हाला नाही कळणार." ईसीएमचे 11,500, सेन्सरचे 3,200, इंजेक्टर क्लिनिंग 1,800, मजुरी 1,500, असे 18,000 घेतले. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एस्टिमेटवर भागवलं. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले. इथेच मला कळायला पाहिजे होतं.

आठ दिवस गाडी बरी चालली (प्लग नवे टाकले होते, म्हणून, हे नंतर कळलं) आणि मग पुन्हा तेच, धूर, वास, नऊचं अ‍ॅव्हरेज.

शेजारच्यांनी पंचवटीतल्या एका वयस्कर मेकॅनिक काकांकडे पाठवलं. काकांनी सांगितलं गाडी रात्री इथेच ठेव, सकाळी थंड असताना बघू. सकाळी आधी प्लग काढले, काजळीने काळेकुट्ट. ऑइलची पट्टी मला हुंगायला दिली, ऑइलला चक्क पेट्रोलचा वास आणि लेव्हल खुणेच्या वर, कारण जास्तीचं पेट्रोल जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि असंच चालवत राहिलं तर बेअरिंगं जातात. मग गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर माझा हात ठेवायला लावला. पाइप पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला. काका म्हणाले, तिथे थर्मोस्टॅटचा व्हॉल (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) असता तर हा पाइप बराच वेळ गार राहिला असता आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम झाला असता. हाऊसिंग उघडलं. आत व्हॉलच नाही.

आणि तेव्हा मला आठवलं. मे महिन्यात गाडी गरम होत होती म्हणून त्याच गॅरेजवाल्याने तो काढला होता, वर मला सांगितलं होतं की आता कधीच गरम होणार नाही, आणि मी त्याचे आभार मानले होते. खरा दोष रेडिएटर चोकअप झाल्याचा होता, तो त्याने साफ केलाच नाही.

उन्हाळ्यात हे खपून गेलं. पण नाशिकची थंडी, त्यात माझ्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन कधी तापतच नव्हतं. जुन्या स्कूटरला सकाळी चोक ओढायचो ना, तसंच आहे, फक्त इथे चोक कॉम्प्युटर ओढतो. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा हे नीट प्रमाण, पण कूलंट टेंपरेचर सेन्सर इंजिन थंड आहे म्हणाला की ईसीएम पेट्रोल वाढवतो आणि तापेपर्यंत ऑक्सिजन सेन्सरचं फारसं ऐकत नाही. काकांनी अर्धा तास गाडी फिरवून त्या सेन्सरला मल्टीमीटर लावला, 800 ओहम. म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास, ऐंशीला तो 300 च्या जवळ यायला हवा. सेन्सर खरंच सांगत होता, बिचारा ईसीएम पण बरोबरच वागत होता.

मग मी म्हटलं तो नवा ईसीएम तरी दाखवा. काकांनी कव्हर काढलं आणि मी गप्पच झाले. कनेक्टरवर बाबांनी गुंडाळलेली काळी टेप जशीच्या तशी होती. एका पावसाळ्यात पाणी गेलं होतं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली, टोकाला दोरा बांधून, ती गाठसुद्धा तशीच. तो डबा कोणी उघडलाच नव्हता. ऑक्सिजन सेन्सर पण जुनाच, गंजलेला, त्याच्या नटावर पाना लागल्याची खूण नाही.

नवा व्हॉल, रेडिएटरची सफाई, कूलंट, ऑइल आणि प्लग, काकांचे सगळे मिळून 2,900 झाले, तेही बिलासकट, जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले. आता टेंपरेचरचा काटा मध्यावर येऊन थांबतो, अ‍ॅव्हरेज साडेतेरा, पीयूसी पास, डब्याच्या वासाची तक्रार नाही.

मी त्या गॅरेजला परत गेले होते. मालक म्हणाला नवा ईसीएम टाकला होता, तुम्हीच दुसरीकडे बदलून घेतला असेल. टेपेचा फोटो दाखवला तर आवाज चढवून बोलायला लागला, दोन गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर. मी 1915 वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन करून तक्रार नोंदवली. एस्टिमेटचा मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट, टेपेचे फोटो आणि काकांचं बिल एका फाइलमध्ये लावलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तेव्हा सोमवारी डबे पोचवले की तिकडेच जाणार आहे.