इतिहासाचे शब्द: अर्थांची वही की भिंतीवरची कालरेषा?

स्पर्धा परीक्षेची तयारी करताना मी दोन्ही वापरले. आधी दोन वर्षे शब्दांची वही. नंतर भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावून तिच्यावर शंभर-शंभर वर्षांच्या रेघा मारल्या.

वहीचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवे. सनद, इनाम, बखर, ताम्रपट असे शब्द शुद्धलेखनासकट डोक्यात बसले. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा, हे पाठ करायला वहीच सोयीची. शिवाय वही बसमध्येही चाळता येते.

पण मी वही सोडली ती एका शब्दापायी: शतक. ‘शतक म्हणजे शंभर वर्षे’ हे तोंडपाठ होते. तरी सराव पेपरात सोलापूरचा भुईकोट इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला असे लिहून पुढच्याच वाक्यात मी त्याला अठराव्या शतकात नेऊन बसवले. काही दिवसांनी हत्तरसंग कुडलच्या मराठी शिलालेखाबद्दल लिहिताना पुन्हा तेच. लेख शके ९४० चा, म्हणून दहावे शतक लिहिले. शकात ७८ मिळवले की येते इसवी सन १०१८, म्हणजे अकरावे शतक. दोन्ही शब्दांचे अर्थ मला येत होते, म्हणून ही चूक फार लागली. वहीत शक एका पानावर, शतक दुसऱ्या पानावर. त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

पट्टीवर वर इसवी सन लिहिले, खाली शक. १८०१ ते १९०० या घरावर ठळक ‘१९ वे’ लिहिले आणि १८१८ तिथे मांडले. त्यानंतर ही चूक झाल्याचे मला तरी आठवत नाही. इतर शब्दही हळूहळू कळत गेले. सिद्धरामेश्वर आणि बसवेश्वर बाराव्या शतकाच्या एकाच घरात आले, तेव्हा ‘समकालीन’ची व्याख्या पाठ करावी लागली नाही. सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षे भांडत होत्या. निजामशाहीची राजकन्या चांदबिबी हिच्या लग्नात हा किल्ला आदिलशाहीला आंदण मिळाला. त्याला लागूनच १५६५ ची तालिकोटची लढाई दिसते. या सोयरिकीमुळे दोन्ही शाह्या विजयनगराविरुद्ध एका बाजूला आल्या. ‘पूर्वपीठिका’ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो.

पट्टीच्याही अडचणी आहेतच. वतनासारखा शब्द कित्येक शतके चालत आलेला, तो एका जागी लिहिणार कसा? भाड्याच्या खोलीत भिंतीला काही चिकटवायला घरमालक नको म्हणू शकतात. आणि अलीकडचा काळ फार दाटतो: सोलापुरातला मे १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना झालेली फाशी शतकाच्या पट्टीवर एकमेकांवर चढतात. त्या दोन वर्षांसाठी मी महिन्यांची वेगळी पट्टी केली.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर वहीच धरा, असे मला वाटते. वर्षभर हातात असेल, किंवा घरात आठवी-नववीचे मूल असेल, तर मी पट्टी लावायला सांगेन. कागद मात्र दहा फुटांचा घ्या. माझा सहा फुटांचा होता, तो अपुरा पडला.