गच्चीवर कोटा फरशी लावायच्या आधी मेंब्रेनचे रोल मोजा

नागपुरात गच्चीचं वॉटरप्रूफिंग म्हणजे उन्हाळ्यातच, मृग लागायच्या आत, आणि तेव्हाच हे ठेकेदार लोक सगळ्यात जास्त घाईत असतात. आमची वीस बाय तीस फुटांची गच्ची, वर कोटा लावायचा होता. ठेकेदाराशी ठरलं ते असं, ४ एमएमचं डांबरी मेंब्रेन (पाणी अडवणारी चादर, रोलमध्ये येते), खाली प्रायमर (चिकटण्यासाठी पातळ काळा हात), टॉर्चनं म्हणजे गॅसच्या ज्योतीनं चिकटवायचं, पॅरापेटवर म्हणजे कठड्याच्या भिंतीवर अर्धा फूट चढवायचं, त्यावर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि मग कोटा. दहा वर्षांची गॅरंटी, लिहून दिलेली.

काम काढलं ऐन नवतप्यात, तेही दुपारी. "भाऊ, टॉर्चचं काम आहे, वर आग असते, तुम्ही येऊ नका." ४५ डिग्रीत तसंही कोण वर जाते! संध्याकाळी पाहिलं तर चारी बाजूंनी मेंब्रेन भिंतीवर मस्त चढलेलं आणि मधे ओलं स्क्रीड टाकूनसुद्धा झालेलं. पाणी भरून टेस्ट करायची होती ना म्हटलं, तर म्हणे उन्हाळ्यात एवढं पाणी वाया घालवता का, टँकर बोलवावा लागेल.

जुलैत झडी लागली आणि बेडरूमच्या पंख्याजवळ ओल उतरली. फोन केला तर म्हणे कूलरची ओल आहे. कूलर तर केव्हाचा माळ्यावर टाकलेला! शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडून मधल्या फरश्या उचलवल्या. खाली स्क्रीड, त्याखाली काळ्या पेंटचा एक हात, आणि मेंब्रेन नाहीच. काठाकडे खोदत गेलो तर भिंतीपासून फूटभर आत पट्टी सापडली, तेवढीच.

आता हिशोब पहा. रोल १ मीटर रुंद, १० मीटर लांब येतो, बाजूला १० सेंमीचा ओव्हरलॅप धरला की एका रोलमध्ये ९ चौरस मीटर म्हणजे साधारण ९७ चौरस फूट झाकतं, म्हणजे ६०० फुटाला सात रोल तर नुसत्या जमिनीलाच पाहिजेत. पण काठाचा घेर फक्त १०० फूट, रोल उभा मधोमध कापून अर्ध्या मीटरच्या पट्ट्या केल्या की दोन रोलमध्ये सगळा काठ फिरून होतो आणि वरून पाहणाऱ्याला वाटते पूर्ण गच्चीवर टाकलं. बिलात रोल आठ. आमच्या आईनं जिन्यात दोनच पाहिले होते, विचारलंही होतं त्याला, तर म्हणे बाकीचे इतवारीतून येऊन राहिले.

म्हणून रोल उतरले की तुम्हीच मोजा, आणि मेंब्रेन टाकून झालं की त्यावर काहीही टाकायच्या आधी पूर्ण गच्चीचे फोटो काढा. मेंब्रेनच्या आधी स्लॅब घासून, भेगा भरून, कोरडा पाहिजे, ओल आत राहिली की उन्हात फुगे येतात. भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोला मारला का, म्हणजे कोपरा गोलसर केला का ते पहा, नाहीतर काटकोनात मेंब्रेन तिथंच फाटते. मग कमीत कमी २४ तास पाणी भरा, जमलं तर ४८. पातळी उन्हानं थोडी खाली जाईलच, खरी टेस्ट खालच्या खोलीच्या छताला. डांबरी मेंब्रेनवर दगड थेट चिकटत नाही, वर स्क्रीड लागतेच, म्हणून हे सगळं त्याच्या आधी, कारण स्क्रीड पडलं की खालचं काहीच दिसत नाही आणि यांचा धंदा त्यावरच चालते. बाथरूमला पावडर-लिक्विडवालं कोटिंग असेल तरी तेच, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि डबे तुमच्यासमोर फोडायचे.

मेंब्रेनचा हप्ता पाण्याच्या टेस्टनंतरच द्या. पक्कं बिल घ्या, त्यात एमएम आणि रोलची संख्या लिहून. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आमची तयारी सुरू आहे, उचललेल्या फरश्यांचे फोटो आणि त्याचे मेसेज दोन्ही जपून ठेवलेत.

आणि हा माणूस व्हॉट्सॲप स्टेटसला आमच्याच गच्चीचा फोटो टाकून नवीन कामं घेऊन राहिला, कोपऱ्यात भिंतीवर चढलेलं चकचकीत मेंब्रेन. असा फोटो कोणी दाखवला तर त्याला गच्चीच्या मधल्या भागाचा मागा.